गोदावरी नांदेडच्या पुढे : खोऱ्याचा नकाशा उघडून बसूया

जलरेखा (धागाकर्ता)

जायकवाडी किती टक्के भरले याची चर्चा इथे दर पावसाळ्यात होते आणि व्हायलाच हवी. पण त्या चर्चा वाचताना असे वाटते की गोदावरी त्र्यंबकला सुरू होऊन नांदेडला संपते. म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

मला मांडायचे आहे ते एवढेच. नाशिक, पैठण, नांदेड हा गोदावरीचा आपल्या ओळखीचा पट्टा. नदीतले पाणी मात्र मुख्यतः पूर्व विदर्भ, मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, बस्तर आणि ओडिशाच्या डोंगरांतून येते. आपण नदीचा इतिहास, श्रद्धा आणि भांडणे वरच्या पट्ट्यावरून ठरवतो आणि बाकीच्या खोऱ्याकडे बघतही नाही.

थोडे आकडे. नदीची लांबी १४६५ किमी, त्यातली सुमारे ६९४ किमी महाराष्ट्रात. खोरे ३,१२,८१२ चौ. किमी, म्हणजे देशाचा जवळपास दहावा हिस्सा. त्यातले १,५२,१९९ चौ. किमी, म्हणजे ४८.६ टक्के, आपल्या राज्यात आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या जमिनीवर पडणारे पाणी उतरत उतरत गोदावरीकडे जाते. उरलेले खोरे तेलंगण, आंध्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा आणि कर्नाटकातल्या बिदरकडच्या तुकड्यात.

आता उपनद्या बघा. प्राणहितेचे खोरे १,०९,०७८ चौ. किमी. एकट्या एका उपनदीने पूर्ण खोऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापला आहे! इंद्रावती ४१,६५५, मांजरा ३०,८४४, शबरी २०,४२७, पूर्णा १५,५७९. आणि जिच्या पाण्यावरून दर दोन-चार वर्षांनी नगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात ती प्रवरा ६,५३७.

पाऊस यात भर घालतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यावर तीन हजार मिमीच्या आसपास पडतो, आणि तिथून पूर्वेला वैजापूर, नेवासा, पैठण गाठेपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येतो. पुढे भंडारा-गडचिरोलीकडे पुन्हा तेराशे-चौदाशेच्या वर चढतो. म्हणजे नदी ओल्या माथ्यावर जन्मते, लगेच पर्जन्यछायेत शिरते आणि कित्येक दिवसांच्या वाटचालीनंतर पुन्हा भरते. प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या तिघी मिळून गोदावरीला निम्म्याहून बरेच जास्त पाणी देतात, आणि तिघीही नांदेडच्या खूप पुढे येऊन मिळतात.

आपापल्या गावच्या नदीबद्दल लिहा. कुठे उगम, कुठे संगम, पाणी कसे वागते. सगळे मिळून खोरे भरून काढू.

---

वैशाखी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न लहानपणापासून आहे. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किमी. मग नदी जवळचा समुद्र सोडून दीड हजार किमी पूर्वेला का जाते?

---

कातळ

@वैशाखी, कारण दख्खनचं पठारच पूर्वेकडे कललेलं आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो, पूर्वेला उतार अगदी मंद. कड्याच्या माथ्यावर पाणलोटाची रेघ आहे. थेंब तिच्या कुठल्या अंगाला पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. त्र्यंबकच्या डोंगरातच वैतरणा उगम पावते, ती पश्चिमेला जाते आणि तिच्यावरच्या धरणांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. त्याच डोंगररांगेचं पूर्वेचं पाणी बंगालच्या उपसागराला.

उताराचा अंदाज यावा म्हणून उंची देतो. ब्रह्मगिरीवर उगम १०६७ मीटर. नाशिक शहरात नदी सहाशेच्या आत-बाहेर. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटरच्या जरा आत. थोडक्यात, निम्म्याहून जास्त उंची नदी पैठणपर्यंतच खर्च करते, आणि उरलेल्या साडेचारशे मीटरवर तिला बाराशेच्या आसपास किलोमीटर काढायचे असतात. वरच्या भागात आडवे थर असलेला बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा खडक पाणी फार साठवत नाही. सांधे आणि भेगा असतील तिथेच विहिरीला पाणी. त्यामुळे मराठवाड्यात एक पावसाळा हुकला की झरे आटतात आणि नदी कोरडी पडते.

पुढे खडक बदलतो. त्यावर नंतर सविस्तर लिहितो, कारण गोदावरीच्या भूगोलातला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग तिथे आहे.

---

निफाडकर

धागा आवडला. वरच्या गोदावरीची बाजू मांडतो.

गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, पालखेड, करंजवण ही नाशिकची धरणं, आणि प्रवरेवर भंडारदरा, निळवंडे, मुळेवर मुळा धरण. यातली काही फार जुनी. दारणा १९१६ चं. भंडारदरा १९२६ चं, ८२ मीटर उंच, त्या काळी केवढं मोठं काम! नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. निफाड, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर भागाची शेती या पाण्यावर उभी राहिली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला तोही प्रवरेच्या पाण्यावर. नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांसाठीही प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून २०२० साली तिची नोंद झाली.

नाशिकला पूर मोजायची आमची पद्धत सगळ्यांना माहीत असेलच. पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि मारुती बुडाला की पूर मोठा. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर गावाने असाच मोजला.

माझं म्हणणं एवढंच की वरची धरणं आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळची आहेत. जायकवाडी नंतर झालं. शंभर वर्षांपासून ज्या कालव्यावर पीकपद्धती बसली तिला एका आदेशाने पाणी कमी करणं अवघड जातं, हे मराठवाड्यातल्या मित्रांनी समजून घ्यावं.

---

गंगथडीकर

निफाडकर, तुमचं समजून घेतो. आता आमचंही ऐका.

मी गंगाखेडकडचा. आमच्याकडे नदीला सगळे गंगाच म्हणतात. शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, गंगाखेड, नांदेड, पूर्ण काठ जायकवाडीकडे डोळे लावून असतो. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, त्याशिवाय २६ टीएमसी. धरण आखलं तेव्हा वरून जेवढं पाणी येईल असं धरलं होतं, तेवढं वरची धरणं वाढत गेल्यावर येईनासं झालं. शिवाय नाथसागर परातीसारखा पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात बाष्पीभवनात केवढं पाणी उडून जातं ते काठावर राहणाऱ्याला दिसतं.

आणि एक सांगतो. वर धरण जुनं असलं म्हणून खालच्या गावाची तहान नवी होत नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपासून माणूस या काठावर राहतो आहे.

---

जलरेखा (धागाकर्ता)

दोघांचेही म्हणणे मनापासूनचे आहे. इथे नियम काय आहे ते नोंदवतो, म्हणजे नव्या वाचकांना संदर्भ लागेल.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप हे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीने वेगवेगळ्या पावसाच्या वर्षांसाठी कोष्टक सुचवले आणि त्यावर आधारित आदेश प्राधिकरणाने २०१४ साली दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. गाभा असा : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणसमूहांनी ठरलेल्या प्रमाणात पाणी सोडायचे. २०२३ मध्ये असा ८.६ टीएमसीचा आदेश निघाला होता.

माझे स्वतःचे मत समन्यायी वाटपाच्या बाजूचे आहे. नदीचे पाणी आधी पोचलेल्याचे, ही कल्पना मला पटत नाही. पण त्यातली अडचणही खरी आहे. सोडलेले पाणी कोरड्या पात्रातून आणि वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमधून पैठणला पोचेपर्यंत बरेच घटते. पावसाळ्यातच, पात्र ओले असताना सोडले तर गळती कमी होईल.

आता धाग्याच्या विषयाकडे परत येतो. गोदावरीचा वार्षिक सरासरी प्रवाह ११० अब्ज घनमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे ३९०० टीएमसी. ज्या नाथसागरासाठी आपण इतके भांडतो त्याचा पूर्ण उपयुक्त साठा त्याच्या दोन टक्के भरतो. याच सरासरीमुळे दिल्लीपासून सगळीकडे गोदावरीची नोंद विपुलतेचे खोरे अशी होते. बीड-लातूरची तूट आणि गडचिरोलीतल्या सिरोंचाचा पूर एकत्र मिळवून भागिले की कागदावर सगळे छान दिसते. सरासरीने मराठवाड्याचे जितके नुकसान केले तितके दुष्काळानेही केले नसेल असे मला वाटते.

---

मंजिराकाठ

लातूरहून लिहितेय. मांजरा म्हणजे आमची एकमेव आशा आणि एकमेव चिंता.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ, बालाघाटच्या रांगेत उगम. तिथून ती बीड, धाराशिव, लातूर करत आग्नेयेला जाते, बिदरला वळसा घालते, तेलंगणात शिरते. सिंगूर धरणाच्या भागात गेल्यावर ही नदी चक्क उत्तरेला वळते! निजामसागर (१९३१ साली पूर्ण झालेलं, हैदराबाद संस्थानातलं मोठं धरण) ओलांडून कंदकुर्तीला गोदावरीत. लांबी ७२४ किमी, म्हणजे मुख्य गोदावरीच्या जवळपास निम्मी. नकाशावर तिचा आकार बघितला नसेल तर जरूर बघा. धाराशिवकडची तेरणा आमच्याच मांजरेला मिळते.

एवढी लांब नदी, पण खोरं जवळपास पूर्ण पर्जन्यछायेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिण्यांची गाडी येऊ लागली. मिरज कृष्णाकाठी. म्हणजे गोदावरी खोऱ्यातल्या शहराने कृष्णा खोऱ्याचं पाणी प्यायलं, तेही रुळावरून. दोन खोऱ्यांमधली पाणलोटाची रेघ रेल्वेने ओलांडली, हे मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर नकाशा नीट समजला असता.

जलरेखा, सरासरीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. खोरं विपुलतेचं म्हणून वरच्या भागाला बाहेरून पाणी आणायचा विचार मागे पडतो. आमच्या वाट्याला विपुलता कधीच आली नाही.

---

धानपट्टा

भंडाऱ्याचा आहे मी. इतकी वर्षे गोदावरीवरचे लेख वाचतो, वैनगंगेचे नाव यादीत चौथ्या-पाचव्या ओळीत येते. या धाग्यात पहिल्याच लेखात पूर्व विदर्भ आला, बरे वाटले.

वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाशी उगम पावते. आधी उत्तरेकडे जाते, मग मोठा वळसा घेऊन बालाघाटवरून दक्षिणेला उतरते आणि गोंदिया-भंडाऱ्यात येते. बावनथडी, बाघ, चुलबंद, कन्हान तिला मिळतात. पेंच कन्हानला मिळते, आणि नागपूरची नाग नदीही शेवटी कन्हानमार्गे वैनगंगेतच. म्हणजे नागपूरकर मंडळी, तुम्हीही गोदावरी खोऱ्यातलेच! नागपूरचे सांडपाणी याच वाटेने गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. पवनीच्या आजूबाजूच्या गावांना त्याचा त्रास होतो. शहराने नदीकडे नाला म्हणून पाहिले की खालच्या गावाला ते भोगावे लागते.

आमच्याकडे पाणी अडवण्याची परंपरा धरणांच्या फार आधीची. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांच्यावर धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) पिकतात. शेतकऱ्याची स्वतःची छोटी बोडी, म्हणजे शेतातले तळे, वेगळी. उतारावर एकाखाली एक तलाव असतात. वरचा भरला की सांडव्याचे पाणी खालच्यात जाते. ही पूर्ण रचना नदीला पूरक आहे. तलाव गाळाने भरले, अतिक्रमणे झाली, हे दुःख आहे. मोठे धरण म्हणजे गोसीखुर्द. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. कालव्यांची कामे किती लांबली ते इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे.

आता वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाची चर्चा आहे. वैनगंगेचे पाणी पश्चिमेला बुलढाण्यापर्यंत नेऊन नळगंगेत, म्हणजे तापीच्या खोऱ्यात द्यायचे. पश्चिम विदर्भाला पाणी मिळावे याला माझा विरोध नाही. पण आधी गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रातल्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवा, एवढेच मागणे आहे.

---

वैशाखी

@धानपट्टा, सुंदर माहिती. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो. आणि पूर्णा? ती तर अकोल्याकडे वाहते ना?

---

जलरेखा (धागाकर्ता)

@वैशाखी, पूर्णा दोन आहेत. अकोला-अमरावतीकडची पूर्णा तापीला मिळते, तिचे पाणी अरबी समुद्रात. परभणी-हिंगोलीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांतून जाते आणि गोदावरीला मिळते. जालन्याकडची दुधना तिची उपनदी.

पैनगंगाही बुलढाण्याकडच्या अजिंठा रांगेतून निघते. विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून वाहते, वाटेत सहस्रकुंडचा धबधबा, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वढ्याजवळ वर्धेला मिळते. वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरातून निघते. त्याच मुलताईतून तापी पश्चिमेला जाते. पुढे गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून नदीचे नाव प्राणहिता. ही फक्त ११३ किमी लांब. नकाशावर एवढीशी दिसते म्हणूनच तिचे मोठेपण आपल्या लक्षात येत नाही. खरे तर ती म्हणजे वैनगंगा, वर्धा आणि पैनगंगा या तीन मोठ्या नद्यांचा एकत्रित प्रवाह आहे.

---

कातळ

आता राहिलेला भाग लिहितो.

नकाशात चंद्रपूरपासून राजमहेंद्रीपर्यंत पट्टी ठेवा. वर्धा, प्राणहिता आणि पुढची गोदावरी साधारण एका सरळ रेषेत, वायव्येकडून आग्नेयेला जातात. हा योगायोग नाही. इथे जमिनीचा एक लांबट पट्टा दोन्ही बाजूंच्या भ्रंशांमध्ये खाली खचलेला आहे. बेसाल्टच्या लाव्ह्याच्या कितीतरी आधी, गोंडवन काळात या खचदरीत नद्यांनी वाळू आणि जंगलांचा पालापाचोळा साठवला. त्याचा कोळसा झाला. वणी, चंद्रपूर, बल्लारपूर आणि पुढे तेलंगणात सिंगरेनी, या खाणींची रांग त्याच पट्ट्यात आहे. त्र्यंबकहून आलेली गोदावरी या खचदरीला येऊन मिळते आणि मग दरीची दिशा धरते. म्हणजे दरीच्या हिशोबाने पाहिलं तर प्राणहिता मुख्य वाटेवर आहे आणि आपली नाशिकची गोदावरी बाजूने येते!

याच पट्ट्यात डायनासोरचे जीवाश्म सापडले. बारापासॉरस आणि कोटासॉरस हे भारतातल्या जुरासिक काळाचे महत्त्वाचे शोध प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे, झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे पाहता येतात. महाराष्ट्रातल्या किती शाळांची सहल तिथे जाते? गेली पाहिजे.

पुढे नदी पूर्व घाट कापून जाते. पापीकोंडलूच्या डोंगरांत पात्र एकदम अरुंद होतं. आणि शेवटी तिने वाहून आणलेला गाळ समुद्राच्या तळाशी साठून कृष्णा-गोदावरी खोऱ्याचे जाड थर झाले, त्यातच आज नैसर्गिक वायू मिळतो.

---

दंडकारण्य

सिरोंचात नोकरीला आहे. पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

गावाला लागून प्राणहिता. थोडं खाली गोदावरीशी संगम, पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. नांदेड जिल्ह्यातून बाहेर पडलेली गोदावरी बरंच अंतर तेलंगणातून चालून इथे पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते, हे आमच्याकडे बदलून येणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया सगळं ऐकू येतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला, तेव्हा दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र होता. महाराष्ट्रातल्या बाकीच्या भागात त्याची बातमीही फारशी पोचली नाही.

उन्हाळ्यात जलरेखांचं म्हणणं डोळ्यांनी दिसतं. वरून येणारी गोदावरी वाळूतून रेंगाळत येते आणि प्राणहिता वाहती असते. तेलंगणच्या कालेश्वरम योजनेचा आधार हाच. संगमाच्या खाली मेडीगड्डा बॅरेज बांधून प्राणहितेचं पाणी अडवायचं आणि पंपांनी उचलून, अन्नारम आणि सुंदिला बॅरेजमधून, गोदावरीच्याच पात्रात उलट वरच्या दिशेने न्यायचं. योजना २०१९ साली सुरू झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मेडीगड्डाचे खांब खचले आणि बॅरेज रिकामं करावं लागलं. बॅरेजच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या काठच्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. भरपाईसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलनंही केली.

बॅरेजच्या खाली सोमनूरला इंद्रावती मिळते. ती ओडिशात कालाहंडीत उगम पावते, जगदलपूरजवळ चित्रकोटचा धबधबा करते आणि महाराष्ट्र-छत्तीसगडची सीमा होते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो, हे जवळपास दर वर्षीचं. गरोदर बायका, आजारी माणसं यांना आधीच हलवून ठेवावं लागतं. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या प्रस्तावित धरणांना बाबा आमटेंसह अनेकांनी विरोध केला. ती झाली असती तर इथलं जंगल आणि माडिया गावं पाण्याखाली गेली असती.

---

गंगथडीकर

दंडकारण्य, लिहीत राहा. आमच्या काठावर राहून एवढं माहीत नव्हतं.

राज्यांमधल्या वाटपाबद्दल राहून गेलं ते जोडतो. गोदावरीसाठी बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला आणि निवाडा १९८० मध्ये आला. पैठण धरणापर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायला मोकळीक. त्याखाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंतच्या भागात नव्या वापरासाठी ६० टीएमसीची मर्यादा. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं प्रकरण त्यातूनच. बंधारा पोचमपाडच्या फुगवट्यात येतो म्हणून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला. बंधारा राहिला, साठा २.७४ टीएमसी, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे पूर आहे तोवर अडवायचं नाही. पाऊस ऑक्टोबरच्या आधीच संपला तर बंधाऱ्यात अडवायला उरतं ते नावापुरतं. नांदेडकडच्या शेतकऱ्याला हे फार लागतं.

---

राजमहेंद्री

लग्नानंतर राजमहेंद्रीत आले, माहेर नाशिक. दोन्ही टोकांची गोदावरी बघायला मिळाली हे माझं भाग्य. इथे पात्र एवढं रुंद की नाशिकच्या माणसाला पहिल्यांदा ही तीच नदी वाटत नाही.

इथे पुराची भाषा वेगळी. भद्राचलमची पातळी फुटात सांगतात. ४३ फूट पहिला इशारा, ४८ दुसरा, ५३ तिसरा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये ती ७५.६ फुटांवर गेली होती, आजवरची सर्वांत जास्त. २०२२ च्या जुलैत ७१.३. तेव्हा माहेरून फोन यायचे, जायकवाडी सोडलं का म्हणून. पण इथे पाणी चढतं ते बहुतेक वेळा प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीच्या पावसाने.

दवळेश्वरमचं धरण १८५२ साली पूर्ण झालं, आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याचं काम. त्याआधी या त्रिभुज प्रदेशात पूर आणि दुष्काळ आलटून पालटून यायचे. कालवे झाले आणि पूर्व व पश्चिम गोदावरी हे दोन्ही जिल्हे भाताचं कोठार झाले. इथले शेतकरी कॉटनचं नाव अजून आदराने घेतात. गावोगावी पुतळे आहेत. दवळेश्वरमच्या खाली नदी फुटते. गौतमी पूर्वेला, वसिष्ठा पश्चिमेला, मधे कोनसीमा, नारळाची आणि भाताची हिरवी जमीन. वैनतेया वसिष्ठेतून निघते. गौतमीच्या काठी यानम, पुदुच्चेरीचा तुकडा, आणि तिच्या मुखाकडे कोरिंगाचं खारफुटीचं जंगल.

काळजीची गोष्ट अशी की वरच्या धरणांमध्ये गाळ अडतो, समुद्रापर्यंत कमी पोचतो. त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे सरकतो आहे, असं इथले अभ्यासक सांगतात. नाशिकपासून गडचिरोलीपर्यंत जे अडवलं जातं त्याचा हिशोब इथल्या कोळ्यांच्या गावांना द्यावा लागतो.

आणि एक आनंदाची गोष्ट. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ, आणि तेव्हाच इथे गोदावरी पुष्करालु. २०१५ साली दोन्ही झाले. बारा वर्षांनी एकाच नदीच्या दोन टोकांना एकाच ग्रहासाठी लोक पाण्यात उतरतात.

---

वैशाखी

काय धागा झालाय! शेवटचा प्रश्न. माझं आजोळ आष्टीचं, बीड जिल्हा. मग मी गोदावरीची ना?

---

जलरेखा (धागाकर्ता)

@वैशाखी, बीड शहर गोदावरीचे : बिंदुसरा सिंदफणेला आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीला. पाटोद्याहून मांजरा निघते, तोही गोदावरीचाच. पण आष्टीचे पाणी मेहकरीतून सीनेला आणि सीनेतून भीमेला जाते. तुमचे आजोळ कृष्णेचे. जिल्हा एक, खोरी दोन, आणि मधली रेघ बालाघाटच्या माथ्यावर. अहिल्यानगर शहरही असेच, सीनेकाठी म्हणून भीमेकडचे, पण त्याच जिल्ह्यातले राहुरी, नेवासा, श्रीरामपूर गोदावरीचे.

उत्तरेला ही रेघ अजिंठ्याच्या रांगेवर आहे. वेरूळच्या लेण्यांजवळची येळगंगा शिवनेतून गोदावरीला मिळते. अजिंठ्याच्या लेण्यांपुढची वाघूर तापीला जाते. दोन्ही लेणी एकाच दिवसात पाहणाऱ्यांनी ही रेघ नक्की ओलांडलेली आहे.

स्वतःच्या गावासाठी सोपी रीत अशी. गावातला ओढा कुठल्या नदीला मिळतो ते विचारा, मग ती नदी कुठे, असे संगमापर्यंत जात राहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर समोच्च रेषा पाहून पाणलोट स्वतः आखताही येतो. आखलात तर इथे टाका. वाशीम, धाराशिव आणि अमरावतीकडच्या मंडळींची विशेष वाट पाहतो आहे, कारण रेघ तुमच्या दाराजवळून जाते.